जेवणाआधीचं मिनिट

"आज प्रार्थना तू म्हण, चिमणे. मोठ्याने," मावशी म्हणाल्या. "आईला जाऊन वर्ष झालं ना आज."

चिमणीने ताटाशेजारचा चमचा सरळ केला. मग पुन्हा तिरका केला. परक्या देशात शिकायला येऊन तिला अकरा महिने झाले होते, आणि या घरात हात जोडल्याशिवाय जेवण झालं असं एकदाही घडलं नव्हतं.

घर कॉलेजने नेमून दिलेलं. घरात दोघंच, मावशी आणि किल्ल्या बनवणारे काका. चिमणी हे नाव मावशींनीच ठेवलं, ती खाते तेवढ्यावरून. कॉलेजचा फॉर्म तिच्या आईने भरला होता. लेकीच्या अक्षरावर तिचा काडीचा भरवसा नव्हता. फॉर्म पाठवला आणि महिन्याभरात आई गेली.

तेव्हापासून चिमणी रडली नव्हती. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल होतो ना, तशी ती आतून झाली होती. देवावरचा विश्वास तर असा उडाला, की रागवायलाही कोणी उरलं नाही.

पण इथे पहिल्याच दुपारी काकांनी टेबलापाशी हात जोडले. समोरच्या भिंतीवर देवाची तसबीर होती. खाली फरशीवर थोडी चुन्याची भुकटी पडलेली. तसबिरीची जागा नुकतीच बदलली असावी. मावशींनी प्रार्थनेचं पुस्तक उघडलं. पानं एकमेकांना चिकटलेली. किती जपून वापरत असतील! कपाटावर त्यांच्या मुलाचा फोटो होता. सहा वर्षांपूर्वी मोटारसायकल घेऊन बाहेर पडला, तो परतलाच नाही. एवढं होऊनही यांचे हात जुळतात, मग आपण कोण टिकोजीराव? तिनेही निमूट हात जोडले.

मग रोज तेच. मावशी पुस्तकातलं थोडं वाचत आणि मिनिटभर सगळे डोळे मिटत. काकांचे ओठ हलत. चिमणी फिजिओथेरपी शिकत होती. ती मनातल्या मनात मनगटाच्या आठ हाडांची नावं घेई. दोनदा घेऊन झाली की मिनिट संपायचं.

एकदा तिने तसबिरीकडे बघत विचारलं होतं, "मावशी, तुम्हाला कधी राग नाही आला याचा?"

"ताट पुढे कर," मावशी म्हणाल्या. "वाढते."

तिला यायला उशीर झाला की काका दारात उभे असत. विचारलं तर म्हणत, "छे, मी आपला कुलूप तपासतोय." खरं कळलं तर ही माणसं दुखावतील, आपल्याला तोडतील, एवढी एकच भीती तिला जाणवत असे. बाकी काही जाणवतच नसे.

आणि आता आईच्या नावाने मोठ्याने खोटं बोलायचं?

"मला नाही जमणार," ती म्हणाली. "मी मानत नाही हो काही. आई गेली तेव्हापासून. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून इतके दिवस नुसतं नाटक केलं. हात जोडून हाडं मोजत बसायचे मी. हवं तर दुसरीकडे खोली बघते."

काकांनी मावशींकडे पाहिलं. मावशी उठल्या आणि कपाटातून कॉलेजने त्यांच्याकडे पाठवलेला तो फॉर्म काढून तिच्यापुढे ठेवला. आईचं टपोरं अक्षर. 'मुलगी श्रद्धाळू आहे. प्रार्थनेशिवाय घास घेत नाही.'

चिमणीने त्या अक्षरांवरून बोट फिरवलं, आणि वर्षभराने तिला रडू फुटलं. ढसाढसा.

मावशींनी तिचं डोकं पोटाशी धरलं. "अहो," त्या काकांना म्हणाल्या, "काढा ती तसबीर खाली. सुटलात तुम्ही किल्ल्यांचे नंबर घोकण्यातून. मुलगा गेल्यापासून या घरात कोणी हात जोडले होते? पोर उपाशी राहील म्हणून तसबीर आणली होती."