तारखेचा रकाना

आमच्या नाशिकच्या कंपनीत सर्व्हरवर चालू असलेल्या ॲप्सची यादी देणारं टूल आहे. सर्व्हरची साफसफाई करणाऱ्या एआय एजंटला ते नीट कळावं म्हणून मी त्याची माहिती लिहिली. तारखेच्या रकान्यापुढे घाईत ‘शेवटचा वापर’ लिहिलं. ती होती शेवटच्या बदलाची तारीख. शनिवारी एजंटने दोन वर्षं ‘न वापरलेली’ ॲप्स बॅकअपसकट उडवली. सोमवारी पेठहून तानुबाईंचा फोन आला. त्यांचा मुलगा हिरामण ऑफिसात माझ्या शेजारी बसायचा. दोन वर्षांपूर्वी अपघातात गेला. त्याने गावासाठी आमच्याच सर्व्हरवर ॲप बनवलं होतं. नंबर लावला की त्याच्याच आवाजात एसटीच्या वेळा ऐकू यायच्या. “पोरी, हिरामण कालपासून बोलत नाय.” “मावशी, एसटीच्या वेळा मी सांगते.” “मला कुठं जायचं हाय? रोज त्यालाच ऐकते.” फोन ठेवल्यावर मी रकान्यापुढे लिहिलं: ‘शेवटचा बदल. जुनी तारीख म्हणजे कोणी वापरत नाही, असं समजू नये.’