जाळीमागचा बाप

लाइलने व्हॅनचं दार सोडलंच नाही. "असं कसं निघालात, कोच? माझ्या पोरीशी बोललात आणि नुसत्याच परत? काय कमी आहे तिच्यात, तेवढं सांगून जा."

रेनफ्रोबाई कॉलेजच्या सॉफ्टबॉल टीमसाठी मुली हेरत सगळं ओक्लाहोमा पालथं घालायच्या. आज त्या लाइलच्या ब्रिनचा सामना बघायला आल्या होत्या. ब्रिन पिचर. बॉल टाकावा तर तिनेच.

आणि तिला घडवलं कोणी? लाइलने. आमच्याकडे पोरगी पिचर असली की बापाच्या नशिबी बादली आलीच. गोदामातून सुटला की हा घरामागे पालथ्या बादलीवर बसायचा आणि तिचे बॉल झेलायचा. नडग्या काळ्यानिळ्या व्हायच्या, पण कधी कुरकुरला नाही. कॉलेजने घेतलं तर फी माफ, नाहीतर पोरीचं शिक्षण इथंच थांबणार होतं.

म्हणून आज तो बादली घेऊन थेट मैदानाच्या जाळीमागे बसला आणि कोचबाईंना ऐकू जाईल असा बोलत राहिला. अंपायरला आंधळा म्हणाला. ब्रिनच्याच टीममधल्या टेसच्या हातून सोपा बॉल सुटला, तर सगळ्यांदेखत ओरडला, "बसवा रे हिला बाहेर. माझ्या पोरीची मेहनत मातीत घालतेय." टेस रडायला लागली. ब्रिन खेळ थांबवून तिच्याजवळ गेली, तर हा तिच्यावरही खेकसला. वर याला वाटलं, बरं झालं, चूक कोणाची ते कोचला कळलं. काय म्हणावं या माणसाला.

"तिच्यात काहीच कमी नाही," रेनफ्रोबाई म्हणाल्या. "बॉलचा वेग आम्ही वाढवून घेतो. रडणाऱ्या पोरीजवळ जाऊन उभं राहणं शिकवता येत नाही. मला तशीच मुलगी हवी होती."

"मग अडलं कुठे?"

"तुमच्यापाशी. तुम्ही चार वर्षं जाळीमागे बसणार आणि माझ्या बाकीच्या मुली रडणार."

लाइलचा हात दारावरून खाली आला. पलीकडे टेसची आई घडीच्या खुर्च्या गाडीत टाकत होती. तिच्याकडे बघायचीही त्याला लाज वाटली.

"माझी शिक्षा पोरीला कशाला?" तो कसाबसा म्हणाला. "मी नाही येणार. एकाही सामन्याला नाही. तिला घ्या."

"उशीर झाला. जागा दुसरीला दिली मी." रेनफ्रोबाई हळू आवाजात म्हणाल्या, "तिला हेच विचारलं होतं. वडील सामन्याला येणार नसतील तर आत्ता जागा तुझी, म्हटलं. ती म्हणाली, 'बाबांना येऊ नका असं मी नाही सांगणार. त्यांना दुसरं आहेच काय?'"