डोक्यावरचं ढेकूळ

रिद्धपूरच्या शिवारात बापाने दोन वावरं एक करताना मधला बांध, म्हणजे धुरा, मोडला, तेव्हा खुशालराव आणि वामनराव जन्मलेही नव्हते. पुढे त्याच जुन्या धुऱ्यावरून भावांची वाटणी करायचं ठरलं, तेव्हा तो धुरा डोळ्यांनी पाहिलेली एकटी माय उरली होती. रिवाजाप्रमाणे गोदाबाई डोक्यावर मातीचं ढेकूळ घेऊन चालली आणि ती चालली तीच हद्द ठरली. विहीर धाकट्या वामनरावाकडे गेली. डोक्यावर माती घेतलेलं माणूस खोटं चालत नाही, म्हणून खुशालरावाने हूं की चूं केलं नाही. जन्मभर नाल्यावरून पाणी वाहिलं.

दुसरी मोठी लढाई संपल्यावर मोजणीच्या साहेबाने चावडीत विमानातून काढलेला फोटो पसरला. काळ्या रानात मोडलेल्या धुऱ्याचा फिकट पट्टा स्पष्ट उमटला होता. विहीर खुशालरावाच्या बाजूला होती.

तो तडक घरी आला. त्याच्याच ओसरीवर माय जेवत होती.

"माय, खरा धुरा तुले ठाऊक होता नं वं?"

"होता," गोदाबाई शांतपणे म्हणाली. "पण इहीर तुले देली असती, तं वामन मले खोटी म्हणून भांडला असता."

"अन् मी?"



भाकरीचा तुकडा मोडत ती म्हणाली, "माह्यावर शंका घेणार नाही, असा तू एकटाच होता."