दाताखालचं नाणं

लिलावाआधी नाणी हातात घेऊन बघू देतात. ते दुर्मीळ सोन्याचं नाणं मी सवयीनं दाताखाली धरलं. नेमकी तेव्हाच बायकोनं आठवण काढली असावी. उचकी लागली आणि नाणं पोटात. घाबरून मी डबीत कोटाचं पितळी बटण ठेवलं. बोली चढू लागली तसा मीही हात वर करत राहिलो. दुसऱ्या कुणी घेतलं तर तो भिंग लावणार, मी तुरुंगात जाणार. शेजारच्या खुर्चीवरचे काका हटेनात. घामानं निथळत आकडा वाढवत राहिले. शेवटी मी राहत्या घराची किंमत बोललो. हातोडा पडला. काकांनी मला मिठीच मारली. "वाचवलंस रे बाबा. काल चावून बघताना मी गिळलं ते. डबीत नातवाचं खेळण्यातलं नाणं ठेवलं." म्हणजे माझ्या पोटात खेळण्यातलं नाणं होतं. लिलाववाल्यानं डबी न उघडताच माझ्या हातात कोंबली. त्याचा दुसरा हात पोटावर होता.