प्रवाशाचे नाव : भुंडी

भुंडीला सांभाळणाऱ्या सरूबाई खरातांनी भरलेला फॉर्म निर्जंतुक तपासणी खोलीच्या काचेला आतून लावला. 'नमुना' या शब्दावर काट मारून त्यांनी 'प्रवासी'वर खूण केली होती आणि नावाच्या जागी 'भुंडी' असं लिहिलं होतं.

"बाई, ती शेळी आहे," काचेपलीकडून डॉक्टर सबनीस म्हणाले. "सात महिने अंतराळात राहून आलीय. रक्तातल्या लाल पेशी फुटल्यात, पांढऱ्या पेशींना जंतू ओळखता येत नाहीत. साधी सर्दीही तिला झेपणार नाही. रक्त काढून घ्यायचं आणि आजच संपवायचं, असा नियम आहे."

"तिच्याबरोबर उतरलेले दोघे साहेब?"

"त्यांना नव्वद दिवस निर्जंतुक खोली. ते प्रवासी आहेत."

"आणि त्यांचं रक्त कसंय?"

डॉक्टर घुटमळले. "तसंच."

"सात महिने त्यांच्या चहात दूध कुणाचं होतं? नमुन्याचं?"

डॉक्टरांनी काचेवरचा फॉर्म पुन्हा वाचला. सरूबाई भुंडीच्या गळ्याखाली खाजवत राहिल्या.

"ही खोली मिळेलही," शेवटी ते म्हणाले, "पण तिचं चारापाणी कोण करणार? आत गेलेल्या माणसाला नव्वद दिवस बाहेर येता येत नाही. दार उघडलं की जंतू आत."

बोलता बोलता त्यांची नजर कोपऱ्यात गेली. तिथे वाफवून आणलेली गोधडी होती, निर्जंतुक चाऱ्याची पोती होती. दाराला आतून कडी होती.

"बाई, बाहेर या."

"येईन की, नव्वद दिवसांनी," सरूबाई म्हणाल्या. "नियम आहे."