फक्त आकडा

जयपुरातल्या दुर्गापुऱ्याच्या देवळात बापूंच्या कीर्तनाला आजही कोणी फिरकलं नाही. "आता बंदच!" म्हणत ते घरी आले. त्यांचं मन रमावं म्हणून नात ज्ञानदाने कॉम्प्युटरवर 'सी' भाषेत लिहिलेला आपला पहिलावहिला प्रोग्रॅम पुढे केला. "बापू, वय लिहा. फक्त आकडा हं! चुकलात तर तो 'पुन्हा सांगा' म्हणेल."

काहीही लिहायचं तर आधी देवाचं नाव, ही बापूंची जन्माची सवय. त्यांनी 'श्रीराम' लिहून बटण दाबलं. झालं! अक्षरं आतच अडकली, प्रोग्रॅम आकडा समजून तीच पुन्हा पुन्हा वाचू लागला आणि पडदाभर 'पुन्हा सांगा, पुन्हा सांगा' धो धो वाहू लागलं.

ज्ञानदा हबकलीच. "मतलब... हा थांबतच नाहीये!" ती बंद करायला धावली.

डोळे विस्फारून बघणाऱ्या बापूंनी तिचा हात धरला. "राहू दे गं. श्रीराम म्हटल्यावर असं म्हणणारं जयपुरात पहिल्यांदाच कोणी भेटलंय."