खऱ्या काट्यांचा नाका

पोटाला उशी बांधून बेबीनंदा काट्यांपुढं उभी होती आणि पलीकडून भुजंग तिच्यावर लाकडी बंदूक रोखून होता. अठ्ठावन्न वर्षांची गरोदर बाई पाहून शाळेचं पटांगण असं हसलं, की पार केदारखेड्याचे बगळे उडाले म्हणतात. मग हसणं एकेका रांगेतून बंद पडत गेलं. उशीमागं कोण आहे आणि बंदुकीमागं कोण आहे, हे लोकांना आठवायला लागलं होतं.

नाटक पॅलेस्टाईनचं होतं. शाळेतल्या वंदना मॅडमनी बसवलं होतं. तिकडं रस्त्यारस्त्यावर नाके असतात, शेजारच्या गावाला जायचं तरी शिपायाला कागद दाखवावा लागतो, कळा लागलेली बाईही नाक्यावरच अडकते, असं त्यांनी सांगितलं होतं. तिकडचे लोक मग त्याचंच नाटक करतात. ज्यानं सोसलं तोच उभा राहतो, आणि त्या दिवशी त्याला जरा झोप लागते. गावाला हे फार समजावून द्यावं लागलं नाही.

दोन वर्षांमागं फाट्यावर कोणाच्या नावाची पाटी लावायची, यावरून गाव आणि बौद्ध वस्ती यांच्यात दगड चालले होते. तेव्हापासून एकाचं दोन झालं. दोन किराणा दुकानं, दोन गिरण्या. कुत्रीसुद्धा पलीकडच्या भाकरीचा नुसता वास घेऊन उपाशी परत यायची. वस्तीचा रस्ता भुजंगच्या शेतातून जायचा. रस्ता तरी कसला, त्यावर टेम्पो बैलगाडीच्या मागं राहायचा. भुजंगनं तो बाभळीची काटी रचून बंद केला. काटी अशी दाट, की साप त्यातून निघाला तर कात आतच सोडून निघायचा. नदीवरचा पूल वाहून गेलेला, त्यामुळं दुसरी वाट नव्हती. तालुक्याला अर्ज गेले. ते तिकडंच राहिले.

गेल्या साली बेबीनंदाच्या सुनेला, प्रीतीला, कळा सुरू झाल्या आणि टेम्पो त्या काटीपाशी अडला. बेबीनंदा भुजंगच्या पाया पडली. उगं नाटकं करू नको, परत फिर, एवढंच तो म्हणाला. दोन तासांनी मूल तिथंच आलं. रडलं नाही. बांधाच्या कडेला त्याला पुरलं.

आता प्रीतीला पुन्हा नववा महिना होता. मूल आडवं होतं. कळा यायच्या आत गाडीत झोपवून जालन्याला आणा, असं डॉक्टरनं बजावलं होतं. गाडी कुठून काढायची, हे डॉक्टरला काय ठाऊक. काटी जागेवरच होती आणि भुजंगचे दोन मुलगे आळीपाळीनं राखणीला बसत होते.

असं असूनही बेबीनंदानं नाटकात काम घेतलं. वस्तीनं तिला नाही नाही ते ऐकवलं. शिपायाचं काम भुजंगनं मागून घेतलं होतं. मिशी घरचीच आहे, खर्च न्हाई, म्हणाला. तालमीत नाका तुराट्यांचा होता. त्याच्याकडं बघून बेबीनंदा म्हणाली, "तुराट्याआड उभं राह्यलं की शिपाई न्हाई दिसत भुजंगराव. शेळ्या राखणारा दिसतो."

सगळी तालीम हसली. भुजंग हसला नाही. नाटकाच्या दिवशी सकाळीच त्यानं ट्रॅक्टर जोडला आणि रस्त्यावरची काटी झाडून सारी पटांगणात आणून टाकली. एका दिवसापुरती. दुपारी त्याचे मुलगेही राखण सोडून बापाचं काम बघायला पहिल्या रांगेत येऊन बसले. गाव आलं, वस्ती आली. नुसता तातेराव टेम्पोवाला आला नव्हता. त्याचं पोट बिघडलं होतं म्हणे.

"जाऊ द्या साहेब," बेबीनंदा म्हणाली. "कळा लागल्यात."

शिपायाचं वाक्य मॅडमनी लिहून दिलं होतं. भुजंग ते विसरला. जे तोंडात आलं ते त्याला पाठ करावं लागलं नव्हतं.

"उगं नाटकं करू नको. परत फिर."



नाटक पाच मिनिटांचं. बाई परत फिरायची आणि पडदा पडायचा. बेबीनंदा फिरलीच नाही. लिहिलेलं संपलं, तशी ती न लिहिलेलं बोलू लागली. बाळाला कोणतं दुपटं गुंडाळलं होतं. कुदळ नव्हती, म्हणून विळ्यानं माती कशी उकरली. प्रीतीचं दूध किती दिवस थांबत नव्हतं. वर्षभर जिच्या डोळ्याला पाणी आलं नव्हतं, ती बाई आता रडत होती. अर्धा तास झाला. मॅडमनी पडद्याआडून खुणा केल्या. तिनं तिकडं पाहिलं नाही.

भुजंगची बंदूक खाली आली. मग हातातून पडली. तो मोकळ्या हातांनी काटी ओढायला लागला. मनगटापर्यंत रक्त आलं.

बेबीनंदानं काटीवर पाय दिला. पायात चप्पल नव्हती. "थांबा," ती म्हणाली. "संपलं न्हाई अजून."

"उघडू दे मला," भुजंग रडत म्हणाला. "उघडून राह्यलो ना."

ती पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. जाऊ द्या साहेब. दोघंही रडत होती, पण तिचा पाय काही हलत नव्हता. असं काम जन्मात पाहिलं नाही, असं वंदना मॅडमना वाटलं.

तेवढ्यात लांब फाट्याकडून भोंगा वाजला. तीनदा. सर्दी झालेल्या रेड्यासारखा तो आवाज, साऱ्या शिवारात एकाच टेम्पोचा होता.

बेबीनंदानं पाय उचलला. पोटाची उशी सोडली आणि काट्यांवर ठेवली.

"आता उघडा, भुजंगराव," ती म्हणाली. "आमच्या प्रीतीचा टेम्पो डांबरीला लागला."